घेतलं तर ठेवायचं

पहिल्याच दिवशी तिच्या डाव्या मनगटावर मला दोन घड्याळं दिसली. एक चालू, एक बंद. बंद घड्याळाची काच तडकलेली, पण पट्टा नवा कोरा. मी विचारलं, "दोन कशाला?" तर म्हणाली, "एक वेळ बघायला, एक वडिलांना बघायला." साध्या प्रश्नाला असली उत्तरं देणारी माणसं मला आवडत नाहीत. पण ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या माझ्या सासूबाई हसल्या. तोंडाला पदर न लावता, चांगल्या खळखळून हसल्या. माझ्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती आणि माझ्या एकाही बोलण्यावर त्या अशा हसल्या नव्हत्या. ही भाडेकरीण आपल्याला महागात पडणार, हे मी तिथंच ओळखलं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. वणीत दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला कापूस निघायचा आणि मग दोघंही गप्प व्हायची. माझे यजमान एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब लिहायला होते. कापूसच येईना, म्हणून जिनिंग वर्षातले कितीतरी महिने बंद असायचं. शाळेतल्या माझ्या नोकरीवर घर चालायचं. म्हणून वरची खोली भाड्यानं दिली आणि ही आली. चाळिशीची, बिनलग्नाची, नाशिककडची. गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजायचं सरकारी काम होतं तिचं. पुरुषांची गवती टोपी घालून जीपमधून हिंडायची. विहिरीत टेप सोडायच्या आधी आत खडा टाकायची, डोळे मिटून ऐकायची, मनाशी अंदाज धरायची. टेपवरचा आकडा अंदाजाशी जुळला की काठावर उभी राहून स्वतःसाठीच टाळ्या वाजवायची. हे मला तिच्या ड्रायव्हरनं सांगितलं. त्यालाही ती आवडायची. सगळ्यांनाच आवडायची, तीच तर माझी पंचाईत होती.

तिचं एक ब्रीद होतं: घेतलं तर ठेवायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी वाटीभर साखर मागायला खाली आली. संध्याकाळी वाटी परत आली तर तिच्यात दोन पेरू. पेपर वाचायला नेला की पेपरात घडी करून पिंपळाचं पान. एकदा शाळेत आली, माझ्या टेबलावरून खडूचा तुकडा उचलला आणि त्या जागी एक दगड ठेवून गेली. दगडात शंखाचा ठसा होता. आमच्या घरीही कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायची रीत नाही. मी नवी सून होते तेव्हा शेजारणीची वाटी नुसती धुऊन परत दिली होती, तर सासूबाई चार दिवस बोलल्या होत्या. आता त्या पेरूंची वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "पाह्य मास्तरीणबाई, याले म्हनते वळन." पेरू मात्र मलाच कापायला लावले.

मास्तरीणबाई म्हणजे मी. माझं नाव त्यांनी लग्नानंतर कधी घेतलं नाही. तिला मात्र आठ दिवसांत 'पोरी' म्हणायला लागल्या आणि ती त्यांना 'मावशी'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

तिच्याजवळ एक यंत्र होतं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, पिवळं, पेन्सिल सेलवर चालणारं. तिच्या भावानं परदेशातून पाठवलं होतं. आकाशातल्या उपग्रहांशी बोलून ते आपण उभे आहोत तिथले अक्षांश-रेखांश सांगायचं. आज हे कुणाच्याही फोनमध्ये असतं. तेव्हा वणीत ते पाहायला लोक जिना चढून यायचे. बाहेरच्या देशांत म्हणे याच्यावर एक खेळ चालतो. कुणीतरी रानात डबा लपवतो आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. दुसरा यंत्र घेऊन शोधत येतो, डब्यातली वस्तू हवी तर घेतो, पण तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवतो, आणि डबा होता तसा लपवून जातो. तिचं ब्रीद तिथलंच होतं. आमच्या भागात हा खेळ खेळणारं दुसरं कुणी नव्हतं. तरी ती बाजारातून स्टीलचे डबे आणायची, नदीकाठी लपवायची आणि इंटरनेट कॅफेत जाऊन आकडे टाकून यायची. मी म्हटलं, "इथं कोण येणार शोधायला?" म्हणाली, "येईल कुणीतरी. डब्याला काय घाई आहे?"

मी भूगोल शिकवते. अक्षांश-रेखांश माझा धडा. वर्षानुवर्षं मी पृथ्वीगोल फिरवून तो शिकवला होता आणि मुली जांभया देत होत्या. मोठ्या बाईंनी हिला शाळेत बोलावलं. हिनं मैदानावर मुलींना रांगेत पळवलं आणि चार पावलं सरकलं की आकडा कसा बदलतो ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी मला म्हणते, "बाई, तुम्ही हे आधी काहून नाही सांगितलं?" पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! त्या दिवशी मी वर्गात फळ्यावर इतका जोर दिला की खडू मोडला.

पण शाळेचं मी सोसलं असतं. खरं दुखणं रविवारचं होतं.

सासूबाईंचं माहेर पैनगंगेच्या काठचं, सोनाराचं. नदी तिथं मोठं वळण घेते. त्यांच्या लहानपणी दिवाळी झाली की तिथं झारेकरी यायचे. बायामाणसं लाकडी पराती घेऊन पाण्यात बसायची आणि रेती धूत राहायची. हलकं वाहून जायचं, जड तळाशी राहायचं. त्या जडात कधीमधी सोन्याचा कण. सासूबाईंचे वडील तो गुंजेनं तोलून घ्यायचे. कुण्या इंग्रज साहेबाला वाटलं, रेतीत कण तर जमिनीत खाण असणार. त्यानं माणसं लावून काठावर खड्डे खणले आणि हात हलवत परत गेला. खड्डे राहिले. त्यांना साहेबाचे खड्डेच म्हणतात, बाभळी माजल्या आहेत त्यांच्यात. अशा नदीच्या सोन्याचा एक मणी वडिलांनी सासूबाईंना लग्नात करून दिला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, जरा तांबूस. तो त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायचा. माझं लग्न झालं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला सांगितलं होतं, "हा मणी तुलेच येणार." सासूबाई स्वतः काही बोलल्या नव्हत्या. पण पंधरा वर्षं मी त्यांना आंघोळीचं पाणी काढून देताना आधी त्या मण्याकडं बघायची. मला दागिन्यांचं वेड नाही. पण तो मणी गळ्यात आला की मी या घरची झाले, असं माझ्या मनानं धरलं होतं.

ती हकिकत सासूबाईंनी मला तुकड्यातुकड्यानं, कधी भाजी निवडताना सांगितली होती. तिला पहिल्याच महिन्यात सबंध सांगितली. झालं. पुढच्या रविवारी दोघी डबा घेऊन पैनगंगेवर. सासूबाईंच्या पायात माझ्या यजमानांचे कॅनव्हासचे बूट! गुडघे दुखतात म्हणून ज्या कोपऱ्यावरच्या देवळात जायच्या नाहीत, त्या आता नदीकाठची पायवाट तुडवायला लागल्या. परत यायच्या त्या उन्हानं लाल होऊन, पदरात बोरं, साडीला कुसळं, तोंडात गोष्टी. काळ्या खडकाचा डोह कसा दिसला, पळस कसा फुलला, कुठल्या कपारीत डबा ठेवला. त्या डबा लपवायच्या, ती शोधायची. मग ती लपवायची आणि त्या यंत्र घेऊन शोधायच्या. अक्षर न ओळखणारी माझी सासू बाणाकडं बघून म्हणायची, "उजव्या हाताले चाल, पोरी, बान तिकडं पाहून राह्यला." मी घरी रविवारचं धुणं धुवायची.

यजमानांना म्हटलं, "तुमच्या आईला ऊन लागेल." ते म्हणाले, "लागू दे. सहा महिन्यांत पहिल्यांदा घरात कापसाशिवाय दुसरं काही कानावर येतंय." त्यांचंही खरं होतं. पण मला त्याचा काय उपयोग?

एका रविवारी सकाळी आमच्या अंगणात नदीकाठच्या गावातली आठ-दहा माणसं येऊन बसली. आमच्याकडं गुप्तधनाचं वेड जुनं आहे. खड्ड्यांच्या आसपास यंत्र घेऊन हिंडणारी बाई, सोबत सोनाराची लेक, आणि दोघी दगड उचकटून डबे काढतात. गावानं जो काढायचा तो अर्थ काढला होता. कुणी नारळ आणला होता, कुणी लिंबू.

त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "म्याडम, तुमच्या मशीनले सोनं दिसते म्हनतात. आमच्या वावरात एक डाव फिरवा."

ती म्हणाली, "बाबा, याला सोनं दिसत नाही. मी कुठं उभी आहे, तेवढंच दिसतं."

"ते तं आमाले बी दिसून राह्यलं. तुमी ओट्यावर उभ्या हा."

सगळे हसले, तीही हसली. मी असते तर समजावून, हात जोडून परत पाठवलं असतं. ती त्यांना घेऊन नदीवर गेली. त्या दिवशी मीही गेले, अंगणातला तमाशा सोडून घरात बसवेना म्हणून. तिनं यंत्र म्हाताऱ्याच्या हातात दिलं. सगळी वरात त्याच्यामागं. बाभळीखालच्या दगडाआड डबा सापडला तेव्हा सगळी वाकून बघायला लागली. म्हाताऱ्यानं झाकण उघडलं. आत दोन गोट्या, एक शिंपला, कोटाचं बटण आणि अर्धी पेन्सिल. मला वाटलं, आता हे हिला नदीत बुडवतात.

म्हातारा कितीतरी वेळ बटण फिरवून बघत होता. मग म्हणाला, "हे लपवाले तुमी नाशिकहून आल्या?"

"हो. तुम्हाला हवं ते घ्या. पण घेतलं तर ठेवायचं."

त्यानं एक गोटी घेतली. खिसे चाचपले, कमरेची चुन्याची डबी काढली, तिच्याकडं एकदा बघून घेतलं आणि डब्यात ठेवली. मग सगळ्यांना चेव आला. एकानं सरकीचे दाणे ठेवून शिंपला घेतला, एकानं नारळच ठेवतो म्हटलं, तो डब्यात मावेना. त्यानंतर कितीतरी दिवस त्या गावात लोक डबे बघायला जायचे. बैलाच्या गळ्यातला घुंगरू, बांगडी, बोरं असलं काय काय ठेवायचे. जनगणनेच्या कामाला मी त्याच गावात उन्हातान्हात दारोदार फिरले होते, मला पाण्यापलीकडं कुणी काही विचारलं नव्हतं. हिच्या हातात जाताना भाकर आणि ठेचा. सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तोंड काहून असं केलं? ऊन लागलं काय?"

आणि मग त्या उन्हाळ्याच्या तोंडी एके सकाळी मी आंघोळीचं पाणी काढून दिलं आणि सवयीनं बघितलं. काळा दोरा होता, मणी नव्हता.

"आई, मणी?"

"ठेवला."

"कुठं ठेवला?"

"डब्यात."

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. पंधरा वर्षं! पंधरा वर्षं ज्याच्याकडं बघत मी या बाईच्या भाकऱ्या थापल्या, पाय चेपले, औषधं आणली, तो मणी हिनं रानात, गोट्या-बटणांत नेऊन टाकला. मी यजमानांकडं गेले. ते म्हणाले, "तिचा मणी, तिची मर्जी." मी तरातरा जिना चढून वर गेले. ती टोपी शिवत बसली होती. मी जे तोंडाला येईल ते बोलले. म्हातारीला नादी लावलं म्हटलं, स्वतःला कुणी नाही म्हणून दुसऱ्याचं माणूस पळवते म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एका चिठोऱ्यावर आकडे लिहून माझ्यापुढं धरले. "ताई, जागा मला सांगता येत नाही. नियम आहे. पण आकडे देते. कुणीही जाऊन घेऊ शकतं."

"मला नको," मी म्हटलं. चिठोरं मात्र घेऊन आले.

जूनमध्ये तिची बदली झाली. निघायच्या दिवशी ते पिवळं यंत्र माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडं राहू द्या." मी म्हटलं, "याच्या बदल्यात काय ठेवू?" टोमणाच होता तो. ती म्हणाली, "ते झालंय," आणि सासूबाईंच्या गळ्यात पडून रडली. सासूबाईही रडल्या. माझी पाठवणी माहेराहून झाली तेव्हा माझी आई एवढी रडली नव्हती.

पावसाळाभर यंत्र फडताळात पडून होतं. मी ठरवलं होतं, जायचं नाही. जाणं म्हणजे तिचा खेळ खेळणं. पण रात्रंदिवस एकच डोक्यात: कुणी गुराखी घेऊन जाईल, कुणी मोडीत विकेल. दिवाळी झाली. एका रविवारी यजमानांना सांगितलं, शाळेत काम आहे, आणि चिठोऱ्यावरचे आकडे यंत्रात घालून एस.टी.नं सासूबाईंच्या माहेरी उतरले.

पायवाट सुरेख होती, हे कबूल करावं लागेल. एका बाजूला पाणी, काळ्या खडकांवर बगळे, दुसऱ्या बाजूला साहेबाचे खड्डे आणि बाभळींना पिवळी फुलं. चालताना मला सारखं वाटत होतं, इथून दोघी चालल्या असतील, इथं बसून डबा खाल्ला असेल. यंत्रानं वळणापाशी आणून सोडलं आणि बाण गरगरायला लागला. ते नेमक्या जागी नेत नाही, जवळ नेतं, पुढचं आपण शोधायचं. समोर रेती, दगड, मुळं. मी खड्ड्यांत शोधलं, बाहेरच्या उंच काठावर शोधलं, काट्यांनी हात ओरबाडले. शेवटी रडकुंडीला येऊन बसले आणि सासूबाईंचं एक बोलणं आठवलं. कधीतरी भाजी निवडताना बोलल्या होत्या: "सोनं जड असते. पानी दमलं का जड ते आंदी खाली ठेवते." अहो, हा तर माझाच धडा! नदी वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ कापते आणि आतल्या बाजूला, जिथं तिचा वेग मरतो तिथं, गाळ टाकते. दरवर्षी मी फळ्यावर ही आकृती काढते. झारेकरी आतल्या काठालाच बसत असणार. मी उठले आणि पाण्यातून पलीकडं, आतल्या काठाला गेले. पुराच्या रेषेच्या वर एक अर्जुनाचं झाड होतं. त्याच्या मुळांच्या पोकळीत चपटा दगड होता, दगडामागं डबा.

मणी कापसात गुंडाळलेला होता. खरं सांगते, मी तिथं बसून मोठ्यानं रडले. डब्यात आणखी एकच वस्तू होती: तिचं ते बंद घड्याळ. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथंही ही आहेच! विसरली असेल, नाहीतर मिरवायला ठेवलं असेल. ते बाजूला सारून मी मणी घेतला. तिचं ब्रीद आठवलं, पण मी काही ठेवलं नाही. पंधरा वर्षांच्या भाकऱ्या आधीच ठेवल्या होत्या.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर होत्या. मणी मी मंगळसूत्रातच ओवला होता. त्यांनी बघितलं.

"आली व्हय जाऊन?"

"आले."

"पोरगी म्हने, ताई आठ दिवसांत जाईन. मी म्हटलं, तू तिले वळखत नाहीस. आंदी जळन, पानकळा काढन, मंग जाईन."

म्हणजे या दोघी तिथं बसून माझ्याबद्दल बोलत होत्या!

"मलाच द्यायचा होता तर हातात का नाही दिला?" मी विचारलं.

"हाती देला असता तं तुनं पेटीत ठेवला असता. माहं माहेर पाह्यलं असतं काय? पंधरा सालात किती डाव म्हटलं, चाल, नदी दाखवतो. तं पेपर तपासाचे हायेत म्हने." मग त्यांनी विचारलं, "बदल्यात काय ठेवलं?"

"काही नाही."

"मले मालूम होतं. घड्याळ होतं तिथं?"

"होतं. ते बंद पडलेलं."

"तिच्या बापाचं हाय ते. जाच्या आंदीच्या रविवारी तिनं ठेवलं. मी म्हटलं, अवो, हे कायले? तं म्हने, मावशी, मी ताईचे रविवार घेतले. घेतलं तं ठेवा लागते."

मी आत गेले आणि चहा ठेवला. दुसरं काय करणार? पुढं गुडघे अगदीच बसेपर्यंत सासूबाई माझ्यासोबत नदीवर आल्या, पण दर वेळी एखाद्या दगडापाशी थांबून "इथं ती पोरगी" असं सुरू करायच्या आणि माझा पाय जड व्हायचा.

आता सासूबाई नाहीत. यंत्र कधीच बिघडलं. दिवाळीनंतर मी एकदा आतल्या काठाला जाते, डबा काढते, घड्याळ पदरानं पुसते आणि परत ठेवते. ते तिला पाठवून द्यावं असं फार वाटतं. वडिलांना बघायला तिच्याजवळ दुसरं काय असेल? पण ते उचलायचं तर त्याच्या मोलाचं काही ठेवावं लागेल. माझं पेट्या, कपाटं सगळं उपसून झालं. अख्ख्या घरात त्याच्या तोडीची एकच वस्तू निघते, ती माझ्या गळ्यात आहे. आणि ती काही मी त्या बाईसाठी काढणार नाही.